चार स्लेड, चार माणसं आणि दारावरचा स्टिकर

प्रश्न असा आला आहे: "ब्रॅम्प्टनला राहतो. हाफ-टन पिकअप आहे, चार दारांची, फोर-बाय-फोर. विकणारा म्हणाला होता की ११,००० पौंड सहज ओढते. जानेवारीत आम्ही चार मित्र हॅलिबर्टनला स्नोमोबिल घेऊन जाणार आहोत. चार स्लेड मावतील असा बंद ट्रेलर मिळतोय. वजनाच्या कायद्यात बसेल ना? की दोन स्लेड पिकअपच्या हौद्यात चढवून दोन छोट्या ट्रेलरवर घ्याव्यात?"

स्लेड म्हणजे स्नोमोबिलच, बर्फावर पळणारी मोटरगाडी. हाफ-टन म्हणजे मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग. आधी उत्तर देऊन टाकतो. ट्रेलर कायद्यात बसेल, तुमची पिकअप बसणार नाही. आणि दोन स्लेड हौद्यात चढवायचा बेत तर त्याहून वाईट आहे.

मी इथेच, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, बॅरीजवळ ट्रेलर दुरुस्तीचं काम करतो. हिच (गाडीमागे ट्रेलर जोडायचा सांधा) बसवणं, ब्रेकची वायरिंग, बेअरिंग, हेच रोजचं. नोव्हेंबर उजाडला की दर दुसरा माणूस हाच प्रश्न घेऊन येतो आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच आकडा असतो, जाहिरातीतला. "अहो, पाच टन ओढते!" ओढते हो. इंजिनाच्या ताकदीबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण कायदा ओढण्यापाशी थांबत नाही. गाडीच्या अंगावर किती बसलंय हे तो बघतो, आणि पिकअपची तीच बाजू आधी संपते.

आता एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर दोन कागद चिकटवलेले दिसतील. एकावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे भरलेल्या गाडीचं कंपनीने ठरवलेलं कमाल वजन, आणि पुढच्या-मागच्या आसाला किती झेपतं ते. दुसरा टायरच्या हवेचा असतो. त्यावर इंग्रजी-फ्रेंचमध्ये एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाता कामा नये. हा तुमचा पेलोड. तोही मॉडेलचा सरसकट आकडा नव्हे, तुमच्याच गाडीचा. सनरूफ, चामड्याच्या सीट, मोठी चाकं असं जे जे कारखान्यात चढवलं असेल ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच रंगाच्या, एकाच वर्षाच्या दोन पिकअपमध्ये शंभर-दीडशे किलोंचा फरक निघतो.

तुम्ही आकडा कळवलेला नाही, म्हणून ६९० किलो धरतो. चार दारांच्या हाफ-टनमध्ये साधारण तेवढाच सापडतो.

आता ट्रेलर. चार स्लेडचा बंद ट्रेलर, दोन आसांचा, रिकामाच साधारण १,००० किलो भरतो. त्याच्या पाटीवर बहुतेक ७,००० पौंड, म्हणजे ३,१७५ किलो कमाल वजन असेल. स्लेडचं वजन माहितीपत्रकातून घेऊ नका. तिथे 'ड्राय वेट' छापतात, म्हणजे पेट्रोल नाही, कूलंट नाही, तेल नाही. तशी स्लेड फक्त शोरूममध्ये असते. टू-स्ट्रोक ट्रेल स्लेड कागदावर २१०-२३० किलोची असते. चाळीस लिटर टाकी भरली की तीस किलो तिथेच चढले. मग तेल, मागची बॅग, ट्रॅकचे स्टड (पट्ट्यातले खिळे), आणि येताना सस्पेन्शनमध्ये गच्च बसलेला बर्फ. मी डोळे झाकून २८० धरतो. फोर-स्ट्रोक, दोन माणसांची टूरिंग असेल तर ३५०.

चार गुणिले २८० म्हणजे १,१२०. ट्रेलरचे १,०००. हेल्मेट, बूट, पेट्रोलचे कॅन, हत्यारं, जॅक मिळून १८०. झाले २,३००. पाटीवरच्या ३,१७५ च्या कितीतरी खाली, आणि जाहिरातीतल्या पाच टनांच्या निम्म्याहूनही कमी. इथवर बघणारा खुशीत चावी फिरवतो.

पण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. पुढचा दांडा हिचच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, बसतो आणि १० ते १५ टक्के वजन तिथून पिकअपवर येतं. यायलाच हवं. कमी आलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि बर्फाळ रस्त्यावर ट्रेलरने शेपटी हलवली की ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. २,३०० चे १३ टक्के धरले तर ३०० किलो होतात. पुढून टोकदार असलेल्या ट्रेलरमध्ये लोक स्लेड अगदी नाकापर्यंत ढकलतात, तिथे आणखीही होतात. हे ३०० किलो तुमच्या ६९० मधून जाणार.

उरले ३९०. त्यात चार माणसं. इथे ७० किलोचा माणूस धरू नका. हिवाळी जॅकेट, बिब, बूट घातलेला, मंडळाच्या दिवाळी फराळावर नुकताच हात मारून आलेला माणूस ९५ धरा. चौघांचे ३८०. बॅगा आणि कूलर ७०, हिचचं सामान ४०, हौद्यावरचं झाकण २५. बेरीज ८१५. म्हणजे ६९० च्या गाडीवर ८१५, सव्वाशे किलो जास्त. ओढायच्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतही न पोचता.

आता कायदा नेमका कुठे अडवतो ते सांगतो. ऑन्टारिओत तो चार ठिकाणी अडवू शकतो आणि ही चार ठिकाणं लोक एकमेकांत कालवतात.

लायसन्सचं सोपं आहे. तुमच्या जी लायसन्सवर (इथलं कारचं पूर्ण लायसन्स) गाडी आणि ट्रेलर मिळून ११,००० किलोपर्यंत चालवता येतं, मात्र ओढलेलं वाहन ४,६०० किलोच्या आत हवं. तुम्ही त्याच्या पुष्कळ खाली आहात. गंमत म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेले ११,००० पौंड होतात जवळजवळ ४,९९० किलो. म्हणजे तो ज्या वजनाच्या बढाया मारत होता ते तुमच्या लायसन्सवर ओढताच येत नाही.

दुसरं ठिकाण नोंदणी, आणि बहुतेक जण इथे सापडतात. पिकअपच्या परमिटवर 'रजिस्टर्ड ग्रॉस वेट' अशी एक ओळ असते. आपल्याकडे ट्रकच्या अंगावर आरएलडब्ल्यू रंगवलेलं असतं ना, त्याचंच हे भावंड. फरक इतकाच की इथे हा आकडा मालक स्वतः सांगतो आणि त्याप्रमाणे फी भरतो. घरगुती पिकअपवर बहुतेक वेळा ३,००० किलो असतं, कारण गाडी घेताना तेच लिहून दिलं जातं आणि नंतर त्या ओळीकडे कुणी बघत नाही. आता तुमचा हिशेब. गाडी रिकामी २,४०० च्या आसपास. त्यावर ते ८१५. झाले ३,२१५. नोंदणी ३,००० ची असेल तर गाडी रस्त्यावर आली तेव्हाच गुन्हा झाला, ट्रेलरचं चाक मोजायच्या आधीच. ट्रेलरचं वजन या आकड्यात केव्हा धरायचं? ट्रेलर स्वतःच्या चाकांवरून रस्त्यावर २,८०० किलोपेक्षा जास्त टाकत असेल तेव्हा. तुमचा टाकेल २,०००, म्हणून तो बाजूला राहतो. पण दांड्यावरचे ३०० गाडीचेच. उपाय साधा आहे: सर्व्हिस ऑन्टारिओ या सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन नोंदणीचं वजन वाढवून घ्या. ३,००० च्या वर वजनाप्रमाणे फी लागते. दंडाच्या आणि रस्त्याच्या कडेला थंडीत कुडकुडत उभं राहण्याच्या मानाने स्वस्त. मात्र नोंदणी वाढवली म्हणून स्प्रिंग जाड होत नाही. दारावरचा आकडा तोच राहतो.

तिसरं ब्रेक. भरलेल्या ट्रेलरचं वजन १,३६० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. तुमच्या ट्रेलरला ते असतील, पण असणं आणि लागणं यात या प्रांतातलं मीठ येतं. रस्त्यावरचं मीठ ब्रेकच्या वायरींचे जोड खातं, मॅग्नेट ड्रमला चिकटून बसतात, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ती छोटी बॅटरी थंडीत मेलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या भाड्याच्या ट्रेलरांपैकी कितीतरींचे ब्रेक एकाच बाजूला लागतात. घेताना ड्रायव्हरजवळचा ट्रेलर-ब्रेकचा कंट्रोलर हाताने दाबून रिकाम्या जागेत दोन मीटर पुढे जा. झटका जाणवला पाहिजे. मग बॅटरीची पिन ओढून ट्रेलर हलतो का बघा. दोन मिनिटांचं काम, पण ते केल्याशिवाय सही करू नका.

चौथं वाणिज्य वाहनांचं. ४,५०० किलोच्या वर ट्रक आणि ट्रेलरला व्यावसायिक वाहतुकीचे नियम लागतात. मूळ हौदा असलेल्या पिकअपला स्वतःच्या कामासाठी, मोबदला न घेता वापरल्यास सूट आहे. तुम्ही मित्रांच्या स्लेड मैत्रीखातर नेताय, ठीक. फेरीमागे भाडं घ्यायला लागलात की ही सूट गेली आणि विमाही हात वर करेल.

यात कंपनीचा जीव्हीडब्ल्यूआर कुठे आला, असं विचाराल. त्याची खरी आठवण अपघातानंतर येते. कंपनीने लिहून दिलेली मर्यादा तुम्ही सव्वाशे किलोंनी ओलांडली होती, हा मुद्दा समोरच्या वकिलाच्या हाती आयता लागतो.

हिचकडेही एकदा वाकून बघा. गाडीखालच्या चौकोनी नळीवर एक स्टिकर असतो, त्यावर दोन ओळी. साध्या बॉलवर बहुतेक हाफ-टनना ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड दांडा एवढीच परवानगी असते, म्हणजे २,२७० आणि २२७ किलो. तुमचे २,३०० आणि ३०० दोन्हीकडून बाहेर. त्याच्यावर जायचं तर वजन वाटणाऱ्या सळयांचं हिच लावावं लागतं. त्याने दांड्यावरचं वजन थोडं पुढच्या चाकांकडे आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडे सरकतं, गाडीचं नाक खाली बसतं, स्टिअरिंगला पकड येते. पण पेलोडचं गणित तेवढ्याने सुटत नाही, हे मी रोज पाच जणांना सांगतो आणि पाचही जण मान हलवून तेच करतात जे करायचं ठरवून आलेले असतात.

आता तुमचा दुसरा बेत, हौद्यातल्या दोन स्लेड. हौद्यात दोन मावत नाहीत. चाकांवरच्या फुगवट्यांमधली जागा सव्वा मीटरच्या आसपास, आणि एक स्लेड स्कीसकट जवळजवळ तेवढीच रुंद. दोन न्यायच्या तर हौद्याच्या वर स्लेड डेक बसवावा लागतो. रॅम्पसकट अॅल्युमिनियमचा डेक साधारण १८० किलोचा. दोन स्लेड ५६०. झाले ७४०. अजून ड्रायव्हरसुद्धा बसलेला नाही आणि ६९० संपले. वर हे सगळं वजन कमरेच्या वर. डेक हे थ्री-क्वार्टर टन आणि वन-टन या जड वर्गातल्या पिकअपचं काम आहे, आणि तिथेही डिझेल इंजिन असेल तर इंजिनाच्याच वजनाने पेलोड बराच खाल्लेला असतो. हाफ-टनवर डेक आणि दोन स्लेड घेऊन जाणारे हायवे ४०० वर दर शनिवारी दिसतात. दिसतात म्हणून कायदेशीर ठरत नाहीत.

एक स्लेड हौद्यात चालते. पण तुमचा हौदा बहुतेक साडेपाच फुटी असेल, म्हणजे १.६८ मीटर, आणि स्लेड तीन मीटरच्या वर. मागचं झाकण उघडं ठेवून शेपूट बाहेर राहणार. बाहेर आलेला भाग दीड मीटर किंवा जास्त असेल तर दिवसा लाल झेंडा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्धा तासापर्यंत लाल दिवा हवा. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे साडेचारलाच दिवा. मी टेप घेऊन सेंटिमीटर मोजत बसत नाही, दोन्ही लावून टाकतो. स्लेडचं नाक केबिनकडे ठेवा. इंजिन पुढे असतं, वजन मागच्या आसाच्या पुढे राहतं. उलटी चढवली की पुढची चाकं हलकी होतात.

मग चौघांनी जायचं कसं? दोघे पिकअपमध्ये, दोघे दुसऱ्या कारने. ९५ गुणिले दोन, १९० वजा. ८१५ चे ६२५ झाले. दारावरच्या आकड्यात बसलात. गाडी ३,०२५ झाली, म्हणून नोंदणी तरीही वाढवावी लागेलच. पंचवीस किलोंसाठी कोण बघतंय म्हणू नका. बॅगा हौद्यातून काढून ट्रेलरच्या आसांच्या वर ठेवल्यात तर आणखी हायसं वाटेल. दुसरी कार नको असेल तर तीन स्लेड आणि तीन माणसं, पण तेव्हा तिन्ही स्लेड ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू नका.

टायरबद्दल एवढंच: हवा बाहेरच्या थंडीत भरा. पंधरा अंशांच्या गराजमध्ये नेमकी भरलेली हवा उणे पंचवीसमध्ये साधारण सात पीएसआय उतरते, आणि हवा उतरली की टायरची वजन पेलायची ताकदही उतरते. ट्रेलरचे टायर त्यात आधी जातात.

हे सगळे माझे अंदाज. खरं वजन काट्यावर कळतं. मी सांगलीकडचा. लहानपणी उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढताना बघितली आहे, आधी भरलेली, मग रिकामी, आणि आज्जा प्रत्येक वेळी पुटपुटायचा की काटा मारला. इथे काटा मारायला कुणी नसतं, आपणच आपल्याला मारतो. ट्रक स्टॉपवरचा काटा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर वेगवेगळे दाखवतो. थोडे डॉलर पडतात. दोनदा चढवा, एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून. दोन्ही वेळच्या पिकअपच्या वजनातला फरक म्हणजे दांड्यावरचं वजन. एवढी खात्री दुसऱ्या कशातच नाही.

आणि येताना पुन्हा चढवा. चारेक वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन स्लेडचा लोखंडी ट्रेलर होता, ब्रेक नसलेला. अशा ट्रेलरच्या पाटीवर मुद्दाम २,९९० पौंड लिहितात, १,३५६ किलो, म्हणजे ब्रेकच्या मर्यादेच्या चार किलो खाली. मेव्हण्याच्या आणि माझ्या, दोन्ही फोर-स्ट्रोक टूरिंग. जाताना वजन केलं तर १,३०५. मी खूश. दोन दिवस ओल्या बर्फात फिरलो, दुसऱ्या रात्री पारा पडला, सकाळी स्लेड दगडासारख्या. तशाच चढवल्या. वाटेत एका कचरा डेपोचा काटा उघडा दिसला म्हणून गंमत म्हणून चढवला, तर १,३८५. ऐंशी किलोंचा नुसता बर्फ. म्हणजे पाटीच्या वर, ब्रेकच्या मर्यादेच्या वर, आणि ट्रेलरला ब्रेकच नाहीत. तिथेच बाजूला घेऊन रबरी हातोड्याने दोघांनी सस्पेन्शन, टनेल (सीटखालची पोकळी), ट्रेलरची खालची चौकट, सगळं ठोकून काढलं. पाऊण तास गेला. कॅनमधलं उरलेलं पेट्रोल पिकअपमध्ये ओतलं. पुन्हा काट्यावर १,३१०. काट्यावरचा माणूस खिडकीतून बघत होता. त्याने दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत.

तुमच्या दारावरच्या दोन्ही स्टिकरांचे, हिचच्या स्टिकरचे आणि परमिटवरच्या वजनाच्या ओळीचे फोटो पाठवा, नाव-पत्ता आणि नंबर झाकून. ट्रेलरच्या पाटीचाही, भाड्याचे पैसे द्यायच्या आधी. ६९० ऐवजी तुमचा खरा आकडा घालून बेरीज पुन्हा मांडून देतो. तो ६०० निघाला तर तीन स्लेडवर बोलू.